चाकाला हात

गयामावशीचं नाव पहिलं घेते. तिचं आडनाव लिहीत नाही, गल्लीचं नावही लिहीत नाही, कारण तिला अजून त्याच गल्लीत राहायचंय. नाशकात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाला, जुन्या वस्तीत राहते. जातीनं कुंभारीण, माझ्यासारखीच. पण माझी तिची काही सोयरीक नाही. मी मावशी म्हणते म्हणून ती मावशी. मला कावीळ झाली होती तेव्हा तिनं मला घरात घेतलं. अंथरूण दिलं, पथ्याचं खायला घातलं, आणि आणखी एक गोष्ट दिली, ती पुढं येईल. तिचं नाव न घेता मी काही सांगितलं तर ते चोरीचं होईल.

आता झालं ते सांगते.

रविवार होता. गंगापूर रोडला एका बंगल्याच्या मागच्या अंगाला मातीकामाचा क्लास चालतो. त्याला स्टुडिओ म्हणतात. तिथं मी माती मळायला जायचे. त्या दिवशी आठ-दहा बायका शिकायला आल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे एप्रन. कोपरापर्यंत माती. एकीच्या गालाला माती लागली होती, तर दुसरी पळत जाऊन तिचा फोटो काढत होती. कुणाचा तरी वाढदिवस होता. मधल्या टेबलावर केक आला. रेवतीताई, म्हणजे ज्यांचा तो स्टुडिओ, त्यांनी मातीच्याच हातानं तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. सगळ्या हसल्या. "अगं, मातीतून आयर्न मिळतं," कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनी तसंच खाल्लं.

मी मातीचे गोळे ठेवायला टेबलापाशी गेले होते. रेवतीताईंनीच खूण केली, घे म्हणून. मी हात पुढं केला.

"अगं अगं, थांब," एक बाई म्हणाल्या. "आधी हात धुऊन ये ना. बघ किती घाण झालेत."

मी माझ्या हाताकडं बघितलं. त्यांच्या हाताकडं बघितलं. एकाच पोत्यातली माती. मीच आदल्या दिवशी पायानं तुडवलेली.

 रेवतीताईंनी कागदाच्या प्लेटमध्ये एक तुकडा काढला आणि नळाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. "तिथं बसून खा हं आरामात."

मी हात धुतले. नखं घासली. कट्ट्यावर बसून केक खाल्ला. खाल्ला, याचीच लाज आजही वाटते. बोलले असते, टाकून दिला असता, तर आज सांगायला सोपं गेलं असतं. पण नाही. मी प्लेट चाटून पुसून डब्यात टाकली आणि "थँक्यू ताई" म्हणाले.

राग मागून आला. आधी आला तो जळफळाट. तो तर रोजचाच होता.

रेवतीताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. वाईट नाहीत. "मॅडम नको म्हणूस, ताई म्हण," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दिवाळीला ड्रेस दिला, तोही नवाकोरा. मला त्यांच्या बंगल्याचा हेवा वाटला नाही. गाडीचा नाही. त्यांचे केस लई सुंदर होते, केसांचाही नाही. मी एकाच गोष्टीवर जळायचे. त्या चाकावर बसायच्या.

उंच स्टुलावर बसायच्या, बटन दाबायच्या, चाक गरगरायला लागायचं. गोळा ठेवायच्या. गोळा वाकडा व्हायचा, एका अंगाला उडायचा. त्या हसायच्या आणि दुसरा घ्यायच्या. दिवसाला वीस गोळे वाया गेले तरी कुणी काही म्हणत नव्हतं. बाहेरच्या गावी कुठं तरी शिकून आल्या होत्या, भिंतीवर सर्टिफिकेट होतं. वकिलाची लेक आणि चाकावर बसलेली. मी कुंभाराची लेक आणि दाराशी माती तुडवत उभी. त्यांच्या बोटांतून माती वर चढताना दिसली की मी पायाखालची माती जास्तच जोरात तुडवायचे. कधी कधी मी मनात म्हणायचे, बस, कोसळू दे. आणि ते कोसळायचं. मला बरं वाटायचं. असं आहे माझं मन. लपवून काय उपयोग.

का जळायचे ते सांगते. आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही.

माती आणायची बाईनं. फोडायची, चाळायची, भिजवायची, राख घालून तुडवायची. मडकं ओलं असताना थापटून त्याचं पोट वाढवायचं बाईनं. रंगवायचं. मडकी भाजायच्या आव्याला गोवऱ्या वाहायच्या. भाजून निघालं की डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसायचं, उन्हात. सगळं बाईचं. चाक तेवढं बाप्याचं. बाई चाकावर बसली तर चाक बाटतं, घराची बरकत जाते म्हणतात.

माझं गाव नांदेडच्या पुढं. ह्याच गंगेच्या काठाला. नाशकात ही नदी उन्हाळ्यात दगडावर पाय ठेवत ओलांडता येते, आमच्याकडं तिला होडी लागायची. मी नऊ वर्षांची होते. दुपारी बाप जेवायला उठला. त्यानं दांड्यानं चाकाला दिलेला जोर अजून संपला नव्हता, चाक आपलं आपलं फिरत होतं. मी नुसता तळवा टेकवला. ओला गाळ तळव्याखालून सरसरत गेला. एक फेरा, दोन फेरे. गुदगुल्या झाल्या. मी हसले. हसण्याच्या आवाजानं बाप मागं वळला.

त्यानं मारलं नाही. मारलं असतं तर विसरले असते. ताटावरून उठून त्यानं घागर आणली, चाक धुतलं, नारळ फोडला. माझ्याकडं बघितलं नाही. मायला म्हणाला, "सांगून ठेव हिला." माय मला म्हणाली, "हात खाजायला लागलाय काय गं तुझा?"

दुसऱ्या दिवशी बापानं माझ्या धाकट्या भावाला चाकापाशी बसवलं. मागून त्याचे हात धरले. भावाला त्यात गोडी नव्हती, त्याला गोट्या खेळायला जायचं होतं. तो भोकाड पसरून रडत होता. मी माती तुडवत बघत होते. माझा पहिला जळफळाट तो. रडणाऱ्या भावावरचा.

पुढं भावानं चाक धरलंच नाही. नदीत वाळूचे उपसे लागले, काठचा गाळ गेला, माती मिळेना. बापानं चाक विकलं. माझी शाळा आठवीत सुटली. मी मामाच्या टोळीबरोबर नाशिकच्या बाजूला वीटभट्टीवर आले. तिसऱ्या महिन्यात डोळे पिवळे झाले, पाणी पोटात ठरेना. टोळीला पुढच्या भट्टीवर जायचं होतं. गयामावशी तिथं राख न्यायला यायची. तिनं मला ताडपत्रीखाली पडलेली बघितलं.

मामाला म्हणाली, "पोरगी मरंल रे हितं. माझ्याकडं राहू दे. बरी झाली की घेऊन जा."

राखेच्या पोत्यांवर झोपवून तिनं मला टेम्पोतून घरी आणलं. मामा न्यायला आला नाही. मी बरी झाले आणि तिथंच राहिले. तिनं एकदाही विचारलं नाही, कधी जाणार म्हणून.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. पुढं मडकी रचलेली, मागं चाक. नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली. एक मुलगा, अंबडच्या कंपनीत कामाला. गल्लीला वाटायचं तो ड्युटीच्या आधी चाकावर बसतो. मलाही तेच सांगितलं होतं. पण तो सकाळी उठायचा, अंघोळ करायचा आणि डबा घेऊन जायचा. चाकाकडं ढुंकूनही बघायचा नाही. तरी मडकी व्हायची.

दुपारी एकला गल्ली जेवून आडवी झाली की मावशी मला म्हणायची, "उंबऱ्यावर बस. कुणी आलं तर खोक." आतून कडी. मग रेडिओ मोठ्यानं. रेडिओच्या खाली घरघर ऐकू यायची. ती घरघर मला ओळखीची होती. महिनाभर मी उंबऱ्यावर बसून ऐकली. एक दिवस कुणी आलं नव्हतं तरी खोकले. रेडिओ बंद झाला, कडी निघाली, मावशी कोपरापर्यंत मातीत.

"कोण आलं?"

"कुणी नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. 

"बघायचंय? ये. कडी लाव."

तिची गोष्ट तिनं माती मळत सांगितली. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा. दीर म्हणाला, चाक मला द्या, मी तुम्हाला पोसतो. ती म्हणाली, पोराचं चाक हाय, मोठा झाला की बसंल, राहू द्या. आणि कडी लावून स्वतः बसली. पोर लहान होतं तोवर गल्लीला सांगायची, मडकी माहेराहून येतात.

"तुला शिकवलं कुणी?"

"धा वर्षं नवऱ्याच्या म्होरं बसून गोळे देत होते. डोळे काय झाकले होते माझे?"

ती दिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे हीच. तिनं मला चाकावर बसवलं. "धरू नको तिला," म्हणायची. "तू दगडावानी बस. माती फिरंल, तू फिरू नको." माझा गोळा उडून भिंतीला चिकटला की म्हणायची, "झालं, आता भिंतीला पण पाणी पाजा." हसून हसून खोकायची आणि मग घाबरून तोंड दाबायची, बाहेर आवाज गेला तर?

आम्ही करायचो काय? उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. पण ते त्या त्या दिवसांचं. बारा महिने लागतं ते एकच. मयताचं मडकं. नदीकाठाला राहतो आम्ही. माणसं मरायची थांबत नाहीत. वीतभर उंच, गळ्याला दोरी सरकणार नाही एवढी खाच, अंग पातळ. पातळच पाहिजे. मुलगा ते खांद्यावर घेऊन प्रेताभोवती फिरतो आणि शेवटी पाठीमागं टाकतो, तेव्हा ते एका दणक्यात फुटायला लागतं. नाही फुटलं तर लोक अपशकुन धरतात, मावशीच्या दारात येऊन शिव्या देतात. माठ टिकला तर कुंभार चांगला, आणि हे फुटलं तर. घेताना कुणी टिचकी मारून वाजवून बघत नाही. आणि विकल्यावर आम्ही "या" म्हणत नाही.

मी शिकले ते ह्याच मडक्यावर. दुसरं काही नासलं तर मावशीला परवडत नव्हतं, हे लहान. सहा महिन्यांत माझा हात असा बसला की डोळे मिटून केलं तरी तेच माप. दुपारच्या एका बैठकीत तीस तीस.

रेवतीताई मावशीकडं माती न्यायला यायच्या, तिथंच त्यांनी मला बघितलं आणि कामावर बोलावलं. चाकाचं त्यांना माहीत नव्हतं. दुपारी मी घरी बंद दारामागं चाकावर, आणि सकाळी त्यांच्याकडं दाराशी, माती तुडवत. त्या वाकडं करायच्या ते मी सरळ करू शकते हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. हा जळफळाट पहिल्यापेक्षा वाईट. आधी मला येत नव्हतं म्हणून जळायचे. आता येत असून.

केकच्या रविवारानंतर पंधरा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, गंगेवरच्या बागेत मेळा आहे, नदीकाठच्या कारागिरांचा. तांब्याची भांडी घडवणारे येणार, येवल्याहून पैठणीवाले, हरसूलकडून बांबूच्या टोपल्या विणणारे. मातीकामाचा मांडव त्यांच्याकडं होता. "खराखुरा कुंभार हवाय गं. जुनं हाताचं चाक आहे माझ्याकडे शोभेचं, त्यावर बसणारा. मावशींचा मुलगा येईल का?"

मी म्हणाले, "मी बसते."

कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. 

"तू? पण तुमच्यात बायका बसत नाहीत ना?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतके दिवस मी दाराशी उभी राहून का बघते, ते त्यांना माहीत होतं.

"कुणी शिकवलं तुला?"

"बघून बघून."

"किती भारी! अगं, हीच तर स्टोरी आहे." त्यांचे डोळे चमकले. मग म्हणाल्या, "नीट पार पडलं ना, तर शनिवारची लहान मुलांची बॅच तुझी. चाकावर. तूच शिकवायचंस."

 शनिवार. उघड्या दारात, खिडक्यांतून ऊन येत असताना, चाकावर मी. मुलं मला ताई म्हणणार. मावशीला सांगितलं तेव्हा तिनं हातातला गोळा मळून संपवला. मग म्हणाली, "जा. पण माझं नाव काढू नको." आणि थोड्या वेळानं, "लांब मानेची सुरई काढ. लोकांना मान लांब लागते." पुढचे दोन आठवडे दुपारी मी सुरईच करत होते. शेवटच्या चार दिवसांत एकही मान मोडली नाही.

मेळ्याच्या दिवशी मला हिरवी नऊवारी नेसवली. आमच्या घरात पाचवारीच, मला त्यात नीट बसताही येईना. नाकात चापाची नथ, ती सारखी सुटायची. पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर. रेवतीताई माइकवर बोलत होत्या. "ही मुलगी फारशी शिकलेली नाही. पण हिच्या हातांत पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान आहे. आणि आज ती परंपरा मोडतेय." टाळ्या. मी चाकाला दांडा लावला. जोर दिला. चाकानं वेग धरला, मी गोळा ठेवला.

आता काय झालं ते खरं खरं सांगते. माझं लक्ष मातीवर नव्हतं. माझं लक्ष रेवतीताईंच्या तोंडाकडं होतं. मला त्यांना जळताना बघायचं होतं. एकदाच. मी बसलेली, त्या उभ्या, आणि माती माझ्या हाताखाली एका दमात वर आलेली, एवढं त्यांनी बघावं. मी मान वर करून बघतच राहिले. आणि हात घाबरले होते. घाबरलेला हात रोजचं काम करतो. मिनिटभरात बुडाशी कापायचा दोरा फिरला आणि मी ते उचलून पुढं ठेवलं. अंग पातळ, गळ्याला खाच, वीतभर. नेमकं.

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या.

"अगं बाई! हे तर मयताचं मडकं!"

टाळ्या थांबल्या. एकीनं पुढं बसलेल्या मुलाला ओढून मांडीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी काय हे." तेव्हा मी खाली बघितलं. तेव्हा मला दिसलं.

रेवतीताई माइकवर हसल्या. "सॉरी, सॉरी हं. अॅक्च्युअली ती आमच्याकडे माती मळायला असते. शिकतेय अजून." पुढं आल्या आणि त्या मडक्यावर तळहात ठेवून दाबलं. ते बसलं. ओल्या मातीला आवाज नसतो. मग त्या माझ्या कानाशी वाकल्या, पण माइक हातातच होता, चालू.

"दुसरं काही सुचलं नाही का तुला? ह्या लोकांना ना, एक गोष्ट धड सांगितली तरी..."

सगळ्यांना ऐकू गेलं. शेजारच्या मांडवात बांबूवाल्या बाईचे हात थांबले. तांबटाचा हातोडा थांबला. ते पण 'ह्या लोकांत'लेच.

रेवतीताईंना कळलं, त्यांनी माइक खाली धरला. "पाणी आण. चाक धुऊन घे पटकन."

चाक धुऊन घे.

बापानं धुतलं तेव्हा मी बाई होते म्हणून. आता धुवायचं ते मी मरणाचं भांडं केलं म्हणून. दोन्ही वेळेला हात माझाच. शनिवारची बॅच अजून गेली नव्हती, हेही मला कळत होतं. उठले असते, हसून कान धरले असते, चाक धुऊन सुरई काढली असती, तर त्यांनी ते सावरून घेतलं असतं. त्या तशा सावरून घेणाऱ्या आहेत. केकच्या दिवशी मी हात धुतलेच होते की.

पाणी शेजारच्या भांड्यात होतं. मी त्यात हात बुडवला. चाकावर नवा गोळा ठेवला. दांडा उचलला.

"अगं, काय करतेयस?"

"मडकं."

"तेच? लोकांना नकोय ते."

"लागतं सगळ्यांना," मी म्हणाले.

ह्या वेळी मी कुणाकडंही बघितलं नाही. मातीकडं बघितलं. पोट, गळा, खाच, काठ. दोरा फिरवला. उचलून तळहातावर घेतलं आणि उठले. नऊवारीचा काष्टा सुटला होता, एका हातानं धरला. खुर्च्यांच्या मधून चालत गेले. लोक पाय आखडून घेत होते, ओलं मडकं लागेल म्हणून. नथ कुठं पडली माहीत नाही.

पूल ओलांडून घरी आले. मावशीनं माझा अवतार बघितला, हातातलं मडकं बघितलं. मी सगळं सांगितलं. वाटलं जवळ घेईल. तिनं मडकं हातात घेऊन फिरवलं.

"काठ जाड झालाय," म्हणाली. "हे फुटायचं नाय नीट." मग, "शनिवारची पोरं गेली ना हातची?"

"गेली."

"सुरई चांगली करत होतीस."

एवढंच. आणि मला आंघोळीला पाणी तापवलं.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण कुणीतरी फोनवर शूटिंग केलं होतं. तीन दिवसांत ते आमच्या समाजाच्या ग्रुपवर आलं. चौथ्या दिवशी मावशीचा दीर दारात उभा. बरोबर दोन भाऊबंद.

"वहिनी, ही पोरगी कोण?"

"माझ्याकडं ऱ्हाती."

"हिला चाकावर कुणी बसवली?"

मी पुढं झाले. माझं उत्तर तयार होतं. मी म्हणणार होते, मावशी बाजारात गेली की मी चोरून बसायचे. ते मला हाकलून देतील, मावशी सुटेल. मी तोंड उघडलं.

मावशीनं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

"मी बसवली. मी पण बसते. अठरा वर्षं झाली, भावजी. पोराला चाक येत नाय, कधीच आलं नाय."

दीर हसला आधी. त्याला वाटलं चेष्टा.

"तुमच्या आईला मडकं कुणाचं गेलं? माझ्या हातचं. फुटलं ना एका दणक्यात?"

तो हसायचा थांबला. भाऊबंदांपैकी एक जण खाली बघायला लागला. त्याच्याही घरी गेलं असणार.

दीर ओरडला नाही. बापासारखाच. म्हणाला, "चाक आमच्या वडलांचं हाय. बाटवलंत." संध्याकाळच्या आत टेम्पो आणला. चौघांनी चाक उचललं. मावशी दाराच्या बाजूला उभी होती, त्यांना वाट देत. उंबऱ्याला घासलं तेव्हा एवढंच म्हणाली, "हळू. एका अंगाला जड हाय ते, डाव्या हाताला धरा." मुलगा ड्युटीवरून आला, मागच्या खोलीत जमिनीत उरलेला खड्डा बघितला, आणि पहिल्यांदाच आईला विचारलं, "लय जड होतं का गं फिरवायला?"

मी एका मडक्यासाठी माझी बॅच घालवली, त्याचं मला काही नाही. पण तिचं चाक गेलं. मी जळत होते, मला कुणाला तरी जळवायचं होतं, म्हणून तिचं अठरा वर्षं झाकलेलं उघडं पडलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. त्यामुळं मला झोप लागत नाही.

आता आम्ही दोघी बुधवारच्या बाजारात गुजरातहून आलेले माठ विकतो. साच्यातले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. मावशी प्रत्येकाला टिचकी मारते आणि तोंड वाकडं करते.

मागच्या आठवड्यात रेवतीताईंचा फोन आला. आवाज गोड. झालं गेलं सोडून दे म्हणाल्या. त्यांना दोन पोती माती हवी होती, "तू मळतेस तशी. तुझ्यासारखी कुणालाच जमत नाही गं."

"माती आहे," मी म्हणाले. "मळून मिळणार नाही. तुम्ही या. तुडवा."

फोन ठेवला. मी अजून त्यांच्यावर जळते. चाकावर बसलेली कुणीही बाई दिसली तरी जळते. पूर्वी ते लपवायचे, आता लपवत नाही.

आणि हे मावशीसाठी. तुला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवणार आहे, मध्ये बोलायचं नाही. मी तुला चाक देणार आहे. कुणाचं जुनं नाही, कुणाचं शोभेचं नाही, कुणी दया म्हणून दिलेलं नाही. पाथरवटाकडून दगड घडवून घेईन, सुताराकडून खुंटी. वर्ष लागो, पाच लागोत. मागच्या खोलीत मांडणार नाही. पुढं मांडणार, गल्लीत, दिवसाढवळ्या, रेडिओ न लावता. पहिली तू बसायचंस. ज्याला बघायचंय त्यानं बघावं, ज्याला धुवायचंय त्यानं येऊन हात लावून दाखवावा. तोवर मी माझ्या गावाची गाडी धरणार नाही.